अल्ट्रावाइड वक्र मॉनिटर

अल्ट्रावाइड वक्र मॉनिटर हा नेहमीच्या १६:९ प्रमाणापेक्षा अधिक रुंद आणि दोन्ही कडांना पाहणाऱ्याच्या दिशेने वळलेला संगणकाचा पडदा होय. २१:९ आणि ३२:९ ही त्याची प्रचलित प्रमाणे आहेत. संगणकीय खेळ आणि फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरील आभासी विमानोड्डाण, यांसाठी तो विशेष वापरला जातो. विमानाच्या कक्षात बसलेल्या वैमानिकाला समोर आणि दोन्ही बाजूंना जे विस्तीर्ण दृश्य दिसते, त्याचा लहानसा तुकडाच टेबलावरील पडद्यात मावतो. हा तुकडा वाढवणे हा अशा मॉनिटरचा मुख्य हेतू असतो. तो कितपत साधतो, हे मात्र भूमितीवर अवलंबून असते.

== इतिहास ==

एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत तयार केलेल्या 'लिंक ट्रेनर' या उड्डाण-प्रशिक्षण यंत्रात बाहेरचे दृश्य दाखवण्याची सोय नव्हती. ते उपकरणांवरून विमान चालवण्याच्या सरावासाठी होते. घरगुती संगणकावर हा विषय ब्रूस आर्टविक यांच्यामुळे आला. त्यांच्याच कामावर आधारलेला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ मध्ये बाजारात आला. रुंद दृश्यासाठी हौशी मंडळी पुढे तीन मॉनिटर शेजारी-शेजारी मांडू लागली, पण त्यांच्या चौकटी दृश्यात खांबासारख्या उभ्या राहत.

एलजी कंपनीने २०१४ मध्ये ३४ इंची वक्र २१:९ मॉनिटर सादर केला. सॅमसंगचा ४९ इंची ३२:९ मॉनिटर २०१७ मध्ये आला, तर २०२० मधील 'ओडिसी जी९' या प्रतिमानात वक्रता बरीच वाढवण्यात आली.

== वक्रतेचे गणित ==

वक्रता 'आर' या अक्षराने दाखवतात. १०००आर म्हणजे १००० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. अंक जितका लहान, तितका पडदा अधिक वाकलेला. जाहिरातीत हा अंक ठळक छापलेला असतो. त्रिज्येचा अर्थ ठाऊक नसल्यास मोठा अंक अधिक वक्र असावा असा उलटा समज होतो.

३४ इंची २१:९ पडदा सुमारे ८० सेंमी रुंद असतो. १८००आर वक्रतेत त्याच्या कडा मध्यापेक्षा जेमतेम साडेचार सेंमी पुढे येतात, म्हणजे वक्रता जवळपास नावापुरतीच. ४९ इंची ३२:९ पडदा सुमारे १२० सेंमी रुंद असतो. दोन २७ इंची मॉनिटर जोडल्याइतका. १०००आर वक्रतेत त्याच्या कडा सुमारे १७ सेंमी पुढे येतात. ८० सेंमी अंतरावर बसल्यास सपाट पडद्याची कड डोळ्यापासून १०० सेंमी दूर राहिली असती. वक्र पडद्यात ती ८४ सेंमीवर येते. पाहणाऱ्याच्या डोळ्याशी होणारा एकूण कोनही सुमारे ७४ अंशांवरून ८४ अंशांवर जातो. याच अंतरावरून २७ इंची साधा मॉनिटर केवळ ४१ अंश व्यापतो.

उंचीत मात्र काहीच भर पडत नाही. ४९ इंची अल्ट्रावाइड पडदा जेमतेम ३४ सेंमी उंच असतो, तर ४३ इंची साध्या टीव्हीची उंची ५३ सेंमीपेक्षा अधिक असते. विमानाच्या कक्षात खाली उपकरणे आणि वर काच अशी उभी मांडणी असल्याने ही उणीव चांगलीच जाणवते. मोटारशर्यतीच्या खेळात ती फारशी खटकत नाही.

== आभासी उड्डाणातील उपयोग ==

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' बिंग नकाशांतील उपग्रहचित्रांवरून भूप्रदेश उभा करतो. त्यामुळे विमानतळ नसलेल्या लहान गावांवरूनही ओळखीच्या खुणा पाहत उडता येते. जालना जिल्ह्यातील शहागड हे त्याचे सोयीचे उदाहरण आहे. गोदावरीकाठच्या या गावाजवळ सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग नदी ओलांडतो. येथून नदीच्या वरच्या अंगाने पश्चिमेकडे पैठणपर्यंत जावे, नाथसागराचे पाणी समोर दिसू लागले की उजवीकडे वळावे आणि उत्तरेकडे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठावा, असा लहान विमानाने साधारण अर्ध्या तासाचा मार्ग आखता येतो.

या मार्गावर नदीची वळणे आणि जलाशयाचा काठ याच दिशा ओळखण्याच्या खुणा असतात. अरुंद पडद्यावर त्या पाहण्यासाठी दृश्य सतत डावी-उजवीकडे फिरवावे लागते. रुंद पडद्यावर त्यांतील बऱ्याच खुणा एकाच वेळी दिसतात. विमान जमिनीला टेकण्याच्या क्षणी हा लाभ सर्वांत मोठा असतो. धावपट्टीपासूनची उंची वैमानिक बऱ्याच अंशी दृष्टीच्या कडेला जमीन कशी सरकते यावरून जोखतो आणि ही कडेची हालचाल साध्या मॉनिटरवर फारशी दिसत नाही.

उतरण्यापूर्वीच्या फेरीत मात्र ४९ इंची पडदाही अपुरा पडतो. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे. दक्षिणेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे असल्यास विमान आधी धावपट्टीला समांतर पूर्वेकडे जाते. त्या वेळी धावपट्टी थेट डाव्या हाताला, म्हणजे नाकापासून ९० अंशांवर असते. तिचे टोक डाव्या पंखाच्या ४५ अंश मागे गेले की वळण घ्यायचे असते. पडदा मात्र प्रत्येक बाजूला ४२ अंशच दाखवतो. म्हणून डोक्याची हालचाल टिपून दृश्य फिरवणारे 'ट्रॅकआयआर'सारखे उपकरण अनेक जण सोबत वापरतात, किंवा मॉनिटर सोडून आभासी वास्तवाचा चष्मा पसंत करतात.

== दृष्टिक्षेत्राची मांडणी ==

उड्डाणाच्या प्रणालीत दृष्टिक्षेत्राचा कोन पडद्याच्या खऱ्या कोनापेक्षा फार मोठा ठेवल्यास कडेची दृश्ये ताणली जातात. ३२:९ पडद्यावर उभा कोन ६० अंश ठेवला तर आडवा कोन सुमारे १२८ अंश होतो आणि अगदी कडेच्या वस्तू रुंदीला मध्यभागाच्या पाचपट दिसतात. 'एक्स-प्लेन'मध्ये हा कोन अंशांत भरता येतो. डोळे पडद्याच्या मध्याच्या उंचीवर असणेही आवश्यक असते. खूप वरून किंवा खालून पाहिल्यास क्षितिजाची सरळ रेषा वाकलेली भासते.

== मर्यादा ==

५१२० × १४४० पिक्सेलांचा पडदा म्हणजे सुमारे ७३.७ लाख पिक्सेल. साध्या १९२० × १०८० पडद्याच्या साडेतीन पटींहून अधिक. हा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. मॉनिटर नवा आणि कार्ड जुने असेल, तर दृश्य रुंद होते पण अडखळत चालते. ओएलईडी पडद्यांत तासन्‌तास स्थिर राहणाऱ्या उपकरणांच्या प्रतिमा कायमच्या उमटण्याचा धोका असतो. आभासी विमानाचे कक्ष तर अशा स्थिर तबकड्यांनी भरलेलेच असते.

सर्व खेळ रुंद प्रमाण स्वीकारत नाहीत. 'एल्डन रिंग' हा खेळ १६:९ मध्येच चालतो व दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. प्लेस्टेशन ५ हा कन्सोलही २१:९ चित्र पाठवत नाही.

== प्रशिक्षणाशी संबंध ==

महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी, बारामती आणि धुळे येथे वैमानिक-प्रशिक्षण चालते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचा उड्डाणानुभव लागतो. घरच्या संगणकावर घालवलेले तास, पडदा कितीही रुंद असला तरी, त्यात धरले जात नाहीत. विमान कंपन्यांच्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरमध्ये दृश्य मोठ्या वक्र आरशातून दाखवतात, त्यामुळे ते डोळ्याला खूप दूर असल्यासारखे दिसते. मॉनिटरवरचे दृश्य मात्र हातभर अंतरावरच राहते. उपकरणे तपासण्याचा क्रम, रेडिओवरील संभाषण आणि नकाशावरून मार्ग ओळखणे यांच्या सरावाला घरगुती मांडणी उपयोगी पडते. केवळ तिच्यावर शिकलेल्यांना मात्र काचेबाहेर पाहण्याऐवजी उपकरणांकडेच टक लावून बसण्याची सवय लागते. प्रत्यक्ष उड्डाणात ती प्रशिक्षकाला मोडावी लागते.