देवळालीचा ताप

इंग्रजीत एक मजेदार शब्द आहे, ‘डूलॅली’. एखाद्याचे डोके फिरले, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला, की ब्रिटनमधली माणसे आजही म्हणतात, हा डूलॅली झाला. तर मंडळी, हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली! गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘देवळाली’चे ‘डूलॅली’ झाले. मूळ शब्दप्रयोग होता ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे चक्क आपला ताप.

१८६०च्या दशकात ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी इथे येऊन थांबत. पण त्यांना नेणारी जहाजे साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. शेवटचे जहाज हुकले की पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मुक्काम. आधी उन्हाळा, मग पावसाळा, आणि हाताला काम नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६च्या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे. वर्षानुवर्षे चोख वागलेली माणसेसुद्धा तिथे बिघडत, काही तर तुरुंगात जात.

मला यात नवल वाटले नाही. वार्षिक परीक्षा संपलेली, पण सुट्टी अजून लागलेली नाही, अशा चार दिवसांत वर्गातली सर्वांत शहाणी मुले काय धुमाकूळ घालतात, ते कोणत्याही मास्तरला विचारा! इथे तर चार दिवस नव्हे, सहा-सहा महिने. घर साता समुद्रापार.

मौज अशी, की देवळालीची हवा उत्तम म्हणून मुंबईची माणसे मुद्दाम तिथे हवापालटाला जात. पारशी मंडळींची तिथली आरोग्यधामे प्रसिद्धच आहेत. हवा तीच, पण मुंबईकराला वाटेल तेव्हा गाडी पकडून घरी जाता येत होते. शिपायाला नव्हते.

इंग्रजी कोशात टॅपचा अर्थ ज्वर एवढाच दिलेला असतो. मराठीत मात्र आपण ‘डोक्याला ताप’ही म्हणतो, त्यासाठी थर्मामीटर लागत नाही. त्या शिपायांचा ताप मला या दुसऱ्या जातीचा वाटतो. १९७४ साली बीबीसीने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही सुरू केली. लोक हसले. हसावे, शब्द आहेच तसा. पण बदनाम झाले ते बिचारे गाव, आणि माणसांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणारे सरकार नामानिराळे राहिले!