खासगी बैठक : रात्रीच्या रागांचे उरलेले घर

पंचवीस-तीस श्रोते, एक दिवाणखाना, दोन तानपुरे, तबला, हार्मोनियम आणि ध्वनिक्षेपकाचा संपूर्ण अभाव, एवढ्या सामग्रीवर जी मैफल उभी राहते तिला आपल्याकडे 'खासगी बैठक' म्हणतात. तिची जाहिरात नसते आणि बहुधा तिकीटही नसते. आमंत्रण तोंडी किंवा दूरध्वनीवरून येते. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या 'सोफार साउंड्स' या उपक्रमाने घरगुती मैफलींची कल्पना जगभर नेली, मुंबईतही त्याचे कार्यक्रम झाले, आणि तरुण वर्गाला ती नवलाईची वाटली. महाराष्ट्राला मात्र तिचे नवल वाटण्याचे कारण नाही.

कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने त्याच नगरीत राहिले. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. मुंबईत गिरगावच्या चाळींपासून धनिकांच्या बंगल्यांपर्यंत बैठकी भरत. पुढे नाट्यगृहे, आकाशवाणी आणि ध्वनिक्षेपक आले. पुण्यात १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि कालांतराने हजारो श्रोते एका मंडपाखाली बसू लागले. संगीत राजवाड्यांतून आणि दिवाणखान्यांतून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले, हा लाभ लहान नाही. जुन्या बैठकींत कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे आठवले की त्या काळाचे फाजील कौतुक करवत नाही.

तरीही काही गोष्टी मंडपात हरवतात. दरबारी कानडा हे त्याचे उत्तम उदाहरण. या रागाचा कोमल गंधार स्थिर लागत नाही. तो आंदोलित, नेहमीच्या कोमल गंधाराहून किंचित खाली झुकलेला असतो, आणि रागाचा विस्तार मुख्यत्वे मंद्र सप्तकात चालतो. खर्जातला असा हलता स्वर ध्वनिवर्धकातून आला की बहुतेक वेळा त्याचे वजन कळते, पण त्याची हालचाल कळत नाही. सहा-सात फुटांवर बसलेल्या श्रोत्याला तो स्वर घेण्यापूर्वीचा श्वासही ऐकू येतो. तानपुऱ्याची जवारी खोलीभर पसरते आणि तबल्याच्या बायाँची घुमक जमिनीतून जाणवते. कलावंतालाही समोरचे चेहरे दिसतात. कोणती जागा पोहोचली आणि कोणती निसटली, हे त्याला तत्क्षणी उमगते व पुढचा विस्तार त्याप्रमाणे बदलतो.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. हिंदुस्थानी संगीतात अहोरात्राचे आठ प्रहर आणि प्रत्येकाचे राग परंपरेने ठरलेले. मध्यरात्रीच्या सुमारास दरबारी, अडाणा. त्यानंतर रिषभ-पंचम वर्ज्य असलेला मालकंस. आणि रात्र सरता सरता सोहनी, ललित. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या बंदीचे महत्त्व अधोरेखित केले. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देता येते. नियम योग्यच आहे. ज्याच्या खिडकीसमोर कर्णे लागले आहेत, त्याला विचारावे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की खुल्या मंडपातली रात्रभराची मैफल जवळजवळ संपली. आज मालकंस संध्याकाळी साडेआठला गायला जातो आणि ललित ऐकायचा तर सकाळचे खास सत्र गाठावे लागते. रागाला त्याची वेळ परत मिळू शकते ती मुख्यतः बंद दाराआड, ध्वनिवर्धकाविना, एखाद्याच्या घरी.

येथे वसईचा विचार करावासा वाटतो. चर्चगेटपासून वसई रोड स्थानक सुमारे ५२ किलोमीटर. दादर किंवा नरिमन पॉइंटच्या सभागृहातील कार्यक्रमाला गेलेला वसईकर रसिक उत्तरार्ध रंगू लागताच घड्याळ पाहू लागतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. एवढ्या वस्तीला चांगले गाणे ऐकण्यासाठी दर वेळी लोकलच्या वेळापत्रकाची परवानगी घ्यावी लागणे बरे नव्हे. गाणाऱ्यालाच वसईत बोलवावे, हा सरळ उपाय आहे. वसई गाव, पापडी, सांडोर, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात अजूनही काही घरे स्वतःच्या वाडीत, केळी-नारळींच्या गर्दीत उभी आहेत. ओटी, पडवी, कौलारू छप्पर आणि शेजाऱ्याची भिंत बरीच दूर. अशा घरात रात्री एक वाजता लागलेला षड्ज कोणाची झोप मोडत नाही. स्थानकाजवळच्या इमारतींत मात्र भिंतीला भिंत आहे. निवासी भागात रात्रीची आवाजमर्यादा ४५ डेसिबलची असल्याने तेथे दारे-खिडक्या लावून, शेजाऱ्यांना आधी सांगून आणि शक्य तर त्यांनाच आमंत्रण देऊन बैठक करावी. निम्म्या तक्रारी आमंत्रणाने मिटतात.

यजमानाची तयारी

खोली रिकामी करून जाजम, त्यावर गाद्या व पांढरी चादर, कडेला लोड-तक्के. ज्येष्ठांसाठी मागे चार खुर्च्या. कलावंतासाठी उंच मंच नको, फार तर एक बुटका चौरंग. वसईच्या दमट, खाऱ्या हवेत तबल्याची पुडी सैलावते आणि तानपुरा वारंवार उतरतो, म्हणून साथीदारांना तासभर आधी बोलवावे. पंख्याचा झोत वाद्यांवर नको. डासांचा बंदोबस्त संध्याकाळीच करावा. ऐन विलंबितात टाळ्या वाजू लागल्या तर त्या कोणासाठी, हे गायकाला समजत नाही!

प्रास्ताविक दोन मिनिटांत आटोपावे. कलावंताची पारितोषिके वाचून दाखवण्याची प्रथा सभागृहातच राहू द्यावी.

बिदागी आधी ठरवून घेणे हे दोघांच्याही हिताचे. 'घरचीच बैठक आहे' हे वाक्य मानधन कमी करण्यासाठी वापरले जाते, ते थांबायला हवे. गायकाप्रमाणे तबलजी आणि हार्मोनियमवादकाचीही रात्र त्यात जाते. खर्च एकट्याला झेपत नसेल तर श्रोत्यांनी वाटून घ्यावा. दाराशी ठेवलेल्या पाकिटात ज्याने त्याने यथाशक्ती घालावे, ही पद्धत कोणालाच अवघड जात नाही.

श्रोत्याची बाजू

बैठकीला उशिरा पोहोचणे हा सभागृहातल्यापेक्षा मोठा अपराध आहे, कारण येथे मागचे दार नसते. उशीर झालाच तर बंदिश संपेपर्यंत ओटीवर थांबावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. ध्वनिमुद्रण कलावंताला विचारल्याविना करू नये. छोट्या मैफलीत गायक काही धाडसी प्रयोग करतो, एखादी तान फसते, तो हसतो आणि पुन्हा घेतो. ते दुसऱ्या दिवशी हजारांच्या हाती गेले तर पुढच्या वेळी तो धाडस करणार नाही. दाद समेवर किंवा मनापासून, पण दोन्ही वेळा थोडक्यात. फर्माईश उत्तरार्धात करावी, तीही रागाची वेळ पाहून. मध्यरात्री भूप मागणारा रसिक उत्साही असतो, एवढेच म्हणता येईल.

मध्यंतरात चहा, आणि वसईच्या यजमानाने शक्य तर राजेळी केळ्यांची सुकेळी ठेवावी. हाताला तेल लागत नाही आणि गाणाऱ्याच्या घशालाही तळणाचा त्रास होत नाही. जेवण गाण्याआधी हलके किंवा गाण्यानंतर. विड्यासाठीही दूर जायला नको, वसईच्या पानवेली पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहेत.

दरबारीनंतर मालकंस, त्यानंतर ठुमरी असे करता करता दोन वाजतात आणि शेवटची गाडी केव्हाच निघून गेलेली असते. परगावच्या श्रोत्यांची पथारी त्याच जाजमावर पसरावी. कलावंत राहिला असेल तर अनेकदा पहाटे कोणीतरी पुन्हा तानपुरा जुळवतो, आणि पहिली लोकल सुटण्याआधी उरलेल्या पाच-सहा जणांना ललित ऐकायला मिळतो.