पाठमोरा हंझला

परवा भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या टी-शर्टवर ओळखीचे चित्र दिसले. अनवाणी पोर, ठिगळांचे कपडे, काट्यांसारखे केस, हात मागे बांधलेले आणि आपल्याकडे पाठ. "कोण हा?" मी विचारले. "मामू, पॅलेस्टाईनचं निशाण आहे," तो म्हणाला. बरोबर होते, पण अर्धेच.

या पोराचे नाव हंझला. अरबीत हंझल म्हणजे आपले कडू इंद्रावण; कापले तरी मुळातून पुन्हा फुटते. त्याचे चित्रकार नाजी अल-अली मूळचे गॅलिलीतील अल-शजरा गावचे. १९४८ च्या नकबात कुटुंब बेघर झाले आणि ते दक्षिण लेबनॉनच्या ऐन अल-हिल्वे छावणीत वाढले. लेखक गस्सान कनफानी यांनी त्यांची चित्रे हेरून छापली. १९६९ मध्ये कुवेतच्या वृत्तपत्रात हंझला अवतरला. त्याचे वय कायम दहा, कारण नाजींचे गाव सुटले तेव्हा ते तेवढेच होते. मायदेशी परतेपर्यंत हा वाढणार नाही, असे ते सांगत. १९७३ च्या युद्धानंतर हंझलाने पाठ फिरवली. बाहेरून लादलेले तोडगे त्याला मंजूर नव्हते.

इथवरचे आपल्याला आवडते. पुढचे सांगायला आपण कचरतो. नाजींची रेघ इस्रायलवर तुटून पडे, तशीच तेलावर गब्बर झालेल्या अरब सत्ताधीशांवर आणि खुद्द पॅलेस्टिनी नेतृत्वावरही. त्यामुळे धमक्या दोन्हीकडून येत. २२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये 'अल-कबस' या दैनिकाच्या कार्यालयाबाहेर त्यांच्यावर गोळी झाडली गेली. २९ ऑगस्टला ते वारले. संशय इस्रायली हेरखात्यावर गेला, तसा आपल्याच माणसांवरही. मारेकऱ्याला शिक्षा झालीच नाही. ऐन अल-हिल्वेत दफन व्हावे ही त्यांची इच्छाही राहून गेली. कबर इंग्लंडातच आहे.

परक्याचा जुलूम दाखवणारा कलावंत आपण डोक्यावर घेतो. त्याने आरसा आपल्याकडे वळवला की लगेच विचारतो, "हा नक्की कोणाच्या बाजूचा?" आपल्या मोहल्ल्यांत, जमातींत, संस्थांत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कबूल करतो, एकदोनदा मीही विचारला आहे.

भाच्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तो आपल्याकडेही पाठ करून उभा आहे?"

मी मान हलवली.