दोन बिंदू आणि एक चढ : बोरघाटातील लोहमार्गाचा गणिती इतिहास

दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढण्याची रीत शालेय गणितात एका वाक्यात सांगून होते. य-निर्देशकांतील फरकास क्ष-निर्देशकांतील फरकाने भागले की चढ मिळतो. हे दोन्ही फरक आधीच ठरलेले आहेत, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष भूमीवर मात्र उंचीतील फरक निसर्ग देतो आणि आडवे अंतर किती घ्यावयाचे हे मनुष्य ठरवितो. बोरघाटातील लोहमार्गाच्या इतिहासात हा भेद ठळकपणे दिसून येतो.

मुळशी तालुक्यातील माण, त्यास लागून असलेले हिंजवडी, तसेच पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आजचा उद्योगपट्टा ज्या पठारावर वसला आहे, ते पठार व मुंबई बंदर यांच्या दरम्यान सह्याद्रीचा कडा उभा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ कोकणच्या बाजूने १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये पठारावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. दोन्ही बिंदू सिद्ध होते. त्यांना जोडणारी रेषा तेवढी नव्हती. १८६३ पर्यंत मधला टप्पा उतारूंना १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्यानेच ओलांडावा लागे.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्या आखणीत चढणीचा पायथा मुंबईच्या भरतीरेषेपासून १९६ फूट, तर माथा २,०२७ फूट उंचीवर होता. म्हणजे चढावयाची उंची १,८३१ फूट. मार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे ८३,६८८ फूट. भागाकार केला असता सरासरी चढ सुमारे ४६ फुटांस १ फूट येतो. येथे एक शंका संभवते. गणिताच्या व्याख्येत आडवे अंतर घेतात, तर अभियंते रुळांच्या कडेने मोजतात. परंतु इतक्या सौम्य चढावर संपूर्ण मार्गात या दोन मापांतील फरक अवघा २० फुटांच्या आसपास भरतो. व्यवहारात तो उपेक्षणीय होय.

१,८३१ फूट ही संख्या कोणासही बदलता येण्यासारखी नव्हती. चढ शंभरास एक ठेवावयाचा, तर सुमारे ३५ मैल लांबीची वाट कड्यावर शोधावी लागली असती. सर्वत्र ३७ स १ ठेवला असता, तर १३ मैलांहून कमी लांबी पुरली असती. पण अशा चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध दर टनामागे साठ पौंड ओढ लागते. चढ निश्चित करणे म्हणजे एका पारड्यात बांधकामाचा खर्च आणि दुसऱ्यात इंजिनावरचा कायमचा भार घालून तोल साधणे होय.

शिवाय सरासरी चढ इंजिनाच्या कामाचा नव्हे. गाडीचे वजन ठरते ते सर्वांत तीव्र चढावरून, आणि तो येथे ३७ स १ असा होता. घाटात मध्येच एक उलटे स्थानक होते. तेथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकास लावीत आणि गाडी उलट दिशेने चढू लागे. म्हणून नकाशावर दोन टोकांतील सरळ अंतर मोजून काढलेला चढ येथे निरर्थक ठरतो. अभियंत्याची रेषा नकाशावर नसते. मार्ग उलगडून काढलेल्या लांबछेदात ती असते.

या रेषेची किंमत माणसांनी मोजली. काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला व कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे चालविले. १८६१ मध्ये ४२,००० हून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकी व इतर आजारांनी त्यांपैकी हजारो दगावले. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल यांवरून मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो पाहण्यास बर्कले उरले नव्हते, १८६२ मध्येच त्यांचा मृत्यू झाला होता.

१९२९ मध्ये नवी आखणी होऊन उलटे स्थानक बंद पडले आणि त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. तरीही आज चढणीवर गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, कारण अंशस्थानची उंची पूर्वीइतकीच आहे. चढाचे सूत्र शिकविताना अंश व छेद यांतील हा फरक विद्यार्थ्यांपुढे मांडला, तर एका लहानशा भागाकारामागे निसर्गाची अट कोणती आणि मनुष्याचा निर्णय कोणता, याचा त्यांना बोध होईल.