नाक्यावर कोणाला थांबवतात?

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, आपट्याला कुठली आली सीमा? पाताळगंगेच्या काठचं आपलं गाव, शेजारी कर्नाळ्याचा डोंगर, आणि बाहेरच्या लोकांना ठाऊक असलेलं ते ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधलं स्टेशन. पण जरा आजूबाजूला बघा. न्हावाशेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. पनवेलच्या अंगाला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं. देशाची सीमा म्हणजे फक्त काश्मीर किंवा वाघा नव्हे. जिथे परदेशातून माणूस किंवा माल उतरतो आणि कस्टमचा माणूस उभा असतो, ती सीमाच. ती आता आपल्या तालुक्याच्या दारात आली आहे.

शिवाय आपल्याकडे कुणाचा मुलगा जहाजावर असतो, कुणाची भाची आखातात नर्स असते, कुणी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जाऊन येते. येताना रांगेत दोनशे माणसं असतात. त्यातल्या एकीलाच अधिकारी म्हणतो, “ताई, जरा बाजूला या.” तिलाच का? बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणांना का नाही? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, तो आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात जुन्या काळापासून करू. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख आहे. तिथेच एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असं लोक सांगतात. जकात घ्यायची कशी, याचे नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहेत. नगराच्या दाराशी जकातीचे अधिकारी बसत आणि लिहून घेत: व्यापारी कोण, आला कुठून, माल किती, त्यावर शिक्का कुठे बसला. आजच्या विमानतळावर विचारतात ते प्रश्न फार वेगळे नाहीत. त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. लग्नाचा माल, माहेरून मिळालेली भेट, पूजेचं आणि बाळंतपणाचं सामान यांवर जकात घेऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. व्यापाराचा माल वेगळा आणि संसाराचं सामान वेगळं, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

मराठ्यांच्या राज्यात जकात ही धोरणाची गोष्ट झाली. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येत होतं आणि आपल्या संगमेश्वरकडच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नव्हतं. म्हणून बाहेरच्या मिठावर जकात वाढवा, असा हुकूम झाला. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणाला थांबवायचं ते मालावरून ठरलं होतं. मीठ कुठलं, एवढाच प्रश्न. आणणारा कोण, कसा दिसतो, बाई की पुरुष, हा प्रश्न नव्हता.

मीठ आपल्या ओळखीचं. उरण, पनवेल, पेणची मिठागरं कोणाला ठाऊक नाहीत? इंग्रजांच्या राज्यात मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मिठागरातच वसूल होई. पण उत्तरेकडे आणि मध्य भारतात त्यांनी वेगळाच उद्योग केला. सिंधू नदीपासून महानदीच्या बाजूपर्यंत साधारण २३०० मैलांची जकातीची सीमा आखली. देशाच्या आतच! कुठे जिवंत काटेरी झाडांचं, कुठे वाळल्या काट्यांचं कुंपण, कुठे दगडी भिंत. राखणीला सुमारे १२,००० माणसं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आलं ते ॲलन ह्यूम काही वर्षं या खात्याचे प्रमुख होते. १ एप्रिल १८७९ रोजी ही सीमा बंद झाली.

तिथे काय होत असेल, विचार करा. कुंपणातल्या चौकीवरून रोज गावकरी ये-जा करणार. कुणाचं शेत पलीकडे, कुणाचं माहेर पलीकडे. चोरटं मीठ आणणाऱ्या टोळ्या रात्री येत, कुंपण फोडत, पोती पलीकडे फेकत. चौकीवर दिवसाढवळ्या उभी राहायची ती साधी माणसं, कमरेला पुरचुंडी बांधलेली. शिपायाच्या हाताला तीच लागणार. पगार थोडा, अधिकार भरपूर आणि वर विचारणारा दूर, अशा जागी झडती हे लाच उकळायचं साधन होतं. हे दुखणं त्या कुंपणाबरोबर संपलं नाही, ते पुढेही दिसतं.

आता कोकणातली सीमा घेऊ. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. बांद्याच्या पलीकडे गेलं की परका मुलूख. भाषा तीच, देव तेच, सोयरीकही तीच, पण मधे जकातीचा नाका. रेल्वेने जाणाऱ्यांचं सामान एका बाजूला कॅसलरॉकला तपासलं जाई आणि दुसऱ्या बाजूला कुळेला. गंमत म्हणजे १८७८ च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि मधली जकात काही वर्षं उठली. १८९२ ला तो करार संपला, आणि नाका पुन्हा आला. माणसं तीच, रस्ता तोच, पोतं तेच. काल जो वाटसरू होता तो आज संशयित झाला. सरकारनं कागदावर ओढलेली रेघ माणसाला चोर ठरवते की वाटसरू, हे आपल्या लोकांनी असं अनुभवलं.

देश स्वतंत्र झाल्यावर सोन्याचा काळ आला. १९६३ मध्ये सरकारनं सोन्यावर नियंत्रण आणलं, १९६८ मध्ये त्याचा कायदा केला. तो १९९० साली रद्द झाला. बाहेर सोनं स्वस्त, इथे महाग, आणि प्रत्येक लग्नात हवंच. त्यामुळे समुद्रातून चोरटं सोनं आणि चांदी येऊ लागली. कोकणातल्या खाड्या आणि लहान बंदरं त्या धंद्याला सोयीची होती.

आता सांगतो ती आपल्याच जिल्ह्याची गोष्ट. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी इथे चोरटा माल उतरला. त्यात हत्यारं होती, आरडीएक्स होतं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्यासुद्धा होत्या, पण पैशाचं ठरवून सोडून दिल्या. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. लाच घेऊन वाट मोकळी करणाऱ्या पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना न्यायालयानं दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ ला लागला.

या गोष्टीतून काय दिसतं? नाका होता. गाड्या अडवल्याही होत्या. संशयही बरोबर होता. तरी माल सुटला. म्हणजे कोणाला थांबवायचं एवढाच प्रश्न नाही, कोणाला सोडलं आणि का सोडलं, हाही प्रश्न तेवढाच मोठा आहे. पण थांबवलेल्याची नोंद होते, सोडलेल्याची होत नाही.

आता थोडं लांब जाऊ, कारण याच प्रश्नाचा तिथे नीट हिशेब झाला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात विमानतळांवर कस्टमवाले अमली पदार्थ शोधत. कोणावर संशय घ्यायचा याची त्यांच्याकडे ४३ लक्षणांची यादी होती. यादी इतकी लांब की कोणीही त्यात बसावं. मग प्रत्यक्षात ठरवायची ती अधिकाऱ्याची नजरच. शिकागोच्या विमानतळावर अपमानास्पद झडत्या झालेल्या काळ्या स्त्रियांनी एकत्र येऊन कोर्टात दावा लावला. २००० साली तिथल्या सरकारी तपासणी संस्थेचा अहवाल आला. त्यात दिसलं की अंगझडतीनंतर एक्स-रे काढायला नेलेल्यांत काळ्या अमेरिकन स्त्रियांचं प्रमाण गोऱ्या अमेरिकन स्त्रियांच्या ९ पट होतं. आणि त्यांच्याकडे माल सापडण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या निम्म्याहूनही कमी!

मग नियम बदलले. ४३ लक्षणांची ६ झाली: माणसाचं वागणं, बोलण्यातली विसंगती, कपड्यांत काही लपवल्याची दिसणारी खूण, पक्की खबर, शिकवलेल्या कुत्र्याचा इशारा, आणि आधीच काही सापडलेलं असणं किंवा अटक झालेली असणं. मोठ्या झडतीला वरिष्ठाची परवानगी लागू लागली. झडत्या जवळपास पाऊणपट कमी झाल्या. आणि माल सापडण्याचं प्रमाण शंभरात पाचाहून कमी होतं ते तेराच्या वर गेलं. कमी लोकांना थांबवून जास्त चोर सापडले. काळीसावळी, गरीब, एकटी दिसली म्हणून थांबवणं हा अन्याय तर आहेच, पण त्यानं कामही बिघडतं. डोळे चुकीच्या माणसावर असतात तेवढ्यात खरा चोर निघून जातो.

आपल्याकडे आता काय चालतं? न्हावाशेव्याला रोज इतके कंटेनर येतात की सगळे उघडणं शक्यच नाही. २००५ पासून कस्टमनं संगणकावरची जोखीम पद्धत आणली. माल कुठला, मागवणारा कोण, आधी काही गडबड केली आहे का, यावरून कुठला कंटेनर तपासायचा ते ठरतं. प्रवाशांसाठी २०२२ साली नियम आले. विमान सुटण्याच्या किमान २४ तास आधी विमान कंपनीनं प्रवाशांची माहिती कस्टमला द्यायची. तिकीट कधी काढलं, पैसे कसे भरले, कुठून कुठे चाललात, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आपण रांगेत उभ्या राहण्याआधीच आपली निवड झालेली असू शकते. संगणकाला चेहरा दिसत नाही हे बरं. पण त्याला काय शिकवलं आहे हे आपल्याला दिसत नाही, हेही खरं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बाईला कोणी फार तपासणार नाही, या हिशेबानं तस्करी करणारे बायकांच्या हातून सोनं पाठवतात. तिकीट काढून देतात, थोडे पैसे देतात, “मावशी, एवढं पाकीट तेवढं न्या” म्हणतात. पकडली जाते ती बाई. ज्याचं सोनं आहे तो घरी बसलेला असतो. म्हणून दुसऱ्याचं पाकीट, डबा, कंबरपट्टा, काहीही आणायचं नाही. नात्यातल्याचं असलं तरी उघडून पाहिल्याशिवाय नाही.

आणि आपलं स्वतःचं सोनं? २०१६ च्या नियमांत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने आणायची सूट होती, किमतीचीही मर्यादा होती. हे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्याआधी चालू नियम विचारून घ्या. अंगावरच्या दागिन्यांवरूनही वाद होतात. श्रीलंकेहून चेन्नईला आलेल्या एका नवविवाहितेची थाळी, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, कस्टमनं काढून घेतलं होतं. ती परत करा, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं. लग्नाचं सामान वेगळं, हे कौटिल्यानं लिहिलेलं आजही न्यायालयात सांगावं लागतं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात झडतीसाठी अधिकाऱ्याकडे मानण्याजोगं कारण हवं. कलम १०२ प्रमाणे बाईची अंगझडती फक्त बाईच घेऊ शकते. झडतीआधी तुम्ही म्हणू शकता, “मला राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे न्या.” तशी मागणी केली तर न्यावंच लागतं. कारण पटलं नाही तर ते तुम्हाला सोडून देतात. झडतीला दोन साक्षीदार हवेत, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी हवी. न वाचता सही करू नका. आणि आणलेल्या वस्तूवर कर भरायचा नसेल, तर ती खरी सांगून कस्टमकडे ठेवता येते आणि परत जाताना नेता येते. कलम ८० मध्ये ती सोय आहे. मात्र ती वस्तू आधी कबूल केलेली असली पाहिजे. लपवलेल्या वस्तूला ती सोय नाही.

हिरव्या वाटेनं बाहेर पडणं म्हणजे “माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही” असं सांगणंच असतं. काही असेल तर लाल वाटेनं जा. त्यात कमीपणा काही नाही.

कस्टमचं काम नको असं आम्ही म्हणत नाही. दिघी-शेखाडीनंतर रायगडातलं कोणी तसं म्हणणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की थांबवायचं तर कारण असावं, ते विचारता यावं, आणि ज्याला सोडलं त्याचाही कुणाला तरी जाब द्यावा लागावा.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरचं कुणी परदेशी आहे त्यांनी आपला अनुभव गटात सांगा. कोणाला थांबवलं होतं, काय विचारलं, कारण सांगितलं का, बाई अधिकारी होती का, हे एकीनं लिहून घ्या. जिची लेक या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघाली आहे, तिला त्याचा उपयोग होईल.