घराचे स्वप्न आणि बापाचे नाव

लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ 1959 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले. वडिलांच्या विम्याच्या 10,000 डॉलरांवरून शिकागोतील एका कृष्णवर्णीय कुटुंबाची, स्वतःच्या घराच्या स्वप्नासह, स्वप्ने त्यात आपसांत झगडतात. सोलापूर जिल्ह्यातील हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) मात्र झगडा घराच्याही आधीचा, बापाच्या नावाचा आहे: तोळा बारा माशांचा, त्यात एक मासा उणा तो अक्करमाशी, म्हणजे अनौरस. हे नाटक नव्हे, आत्मकथन आहे. तरीही महार आई, पाटील बाप आणि आजीच्या सोबतीने राहणारे मुसलमान दादा असे कुटुंब एखाद्या नाटककाराला सहजी सुचले नसते. पुढे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात लिंबाळे यांनीच दलित आणि कृष्णवर्णीय साहित्याची तुलना मांडली.