परीटघडीचा हिशेब

म्हैसुरातल्या सयाजीराव रस्त्याला बडोद्याच्या गायकवाड महाराजांचं नाव आहे, त्यामुळे तिथून चालताना मराठी माणसाला उगीचच ओळखीच्या गावात आल्यासारखं वाटतं. याच शहरात १९१२ मध्ये, नाल्वडी कृष्णराज वोडेयरांच्या कारकिर्दीत, परदेशी मागांवर रेशीम विणण्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. म्हैसूर सिल्कची साडी घेताना दुकानदार हमखास बजावतो, ‘घरी धुऊ नका, ड्रायक्लीनिंगलाच द्या.’ म्हणजे साडीमागोमाग लॉन्ड्री येते आणि लॉन्ड्रीमागोमाग तिथला कामगार. दसऱ्याच्या आधी आणि लग्नसराई उलटल्यावर त्याला मान वर करायला फुरसत नसते.

साडी आली की तिला आधी नंबर मिळतो. पदराच्या आतल्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचतात. जुने परीट हेच काम बिब्ब्याने करत; बिब्ब्याची खूण कितीही धुतली तरी हटत नाही. त्या तेलाने अंगावर फोड उठतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या गोऱ्या शिपायांना कपड्यांवरच्या या खुणांमुळे चट्टे उठले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्या दुखण्याला धोब्याच्या खुणेचंच नाव दिलं. खुणा करणाऱ्याच्या बोटांचं काय होत असेल, ते कळायला डॉक्टर नको. नंबर पडला की डाग तपासायचे. हळदीचा वेगळा, तेलाचा वेगळा, कुंकवाचा वेगळा. प्रत्येकावर उतारा निराळा. मग साडी यंत्रात जाते. तिथे पाण्याऐवजी पेट्रोलियमपासून काढलेलं टर्पेंटाइन किंवा पर्क्लोरोइथिलिन असतं आणि त्याचा उग्र वास खोलीत भरून राहतो. पर्क्लोरोइथिलिनमुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने म्हटलेलं आहे. शेवटी इस्त्री. जरीवर पातळ फडकं टाकायचं, वाफ बेताची ठेवायची, चुणी मोडायची पण रेशीम चकाकू द्यायचं नाही. हे हात तयार व्हायला वर्षं जातात. गिऱ्हाइकाला पावती मिळते ती साडीच्या दराची. इस्त्री करणाऱ्याचा दर त्या कागदावर नसतो.

तो दर कुणी ठरवावा, याचा माग काढायला लागलं की आधी खळ्यावर जावं लागतं. टिपूच्या पाडावानंतर, १८००-०१ मध्ये, फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर मुलूख पायाखाली घालत होता. धान्याच्या राशीतून कुणाकुणाचा वाटा निघतो, हे त्याने शेराशेराने टिपून ठेवलं. देवाचा, ब्राह्मणाचा, मग गावकामगारांचा. त्यात न्हावी, कुंभार, लोहार यांच्या बरोबरीने परीटही येतो. आपल्याकडचे बारा बलुतेदार, तिकडचे आयगार, व्यवस्था तीच. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला पदर पसरायचा. रास मोठी झाली तर पोट भरलं, पाऊस गेला तर परीटही गेला. या वाट्याला हक्क म्हणत, पण तो मोजून देणारा हात नेहमी दुसऱ्याचा असे. आदराची कमी नव्हती म्हणा. बाराव्या शतकातले मडिवाळ माचिदेव बसवण्णांच्या शरणांत मानाचे, आणि आपले गाडगेबाबा परिटाच्या घरातले. संत म्हणून पायावर डोकं ठेवायला समाजाने कधी कुरकुर केली नाही. पैशाचा विषय निघाला की मात्र हात आखडला.

शहर वाढलं, धान्याची जागा नाण्याने घेतली, पाणवठ्याच्या जागी बॉयलर आला. इथून गोष्ट जरा परदेशात जाते, कारण किमान वेतनाच्या लढाईतले काही मोठे खटले लॉन्ड्रीतच उभे राहिले. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात कर्ट म्युलर नावाच्या गृहस्थाची लॉन्ड्री होती. ४ सप्टेंबर १९०५ला तिथे एका बाईकडून दहा तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं. ओरेगन राज्याच्या कायद्याला ते मंजूर नव्हतं. दंड झाला दहा डॉलर. म्युलरसाहेब तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ मध्ये हरले. राज्याची बाजू मांडणाऱ्या लुई ब्रँडाइस यांनी कायद्याच्या मुद्द्यांना दोनच पानं दिली. बाकी शंभरावर पानांत डॉक्टरांचे, कारखाना निरीक्षकांचे आणि सरकारी अहवालांचे दाखले होते. ते गोळा केले जोसेफिन गोल्डमार्क यांनी, ग्राहकांच्या एका संघटनेसाठी. गिऱ्हाईक कामगाराच्या बाजूने उभं राहिलं, हे ध्यानात ठेवण्याजोगं.

तो प्रश्न तासांचा होता. पैशांचा आला न्यूयॉर्कमध्ये. १९३३च्या तिथल्या कायद्याखाली लॉन्ड्रीतल्या बायकांना आठवड्याला किमान १४ डॉलर ८८ सेंट द्यायचं ठरलं. ब्रुकलिनमधल्या एका लॉन्ड्रीचा व्यवस्थापक जोसेफ टिपाल्डो याने कागदावर तेवढे दाखवले आणि फरक बायकांकडून परत घेतला. मस्टरवर एक आकडा आणि मुठीत दुसरा ही विद्या आपल्याकडेही चांगलीच मुरलेली आहे, तेव्हा आपण फार नवल करू नये. खटला वर गेला आणि जून १९३६ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदाच रद्द केला. टिपाल्डो जिंकला. पण गिऱ्हाइकांनी त्याच्या गाड्यांवर कपडे द्यायचं बंद केलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा धंदा बसला. पुढच्या वर्षी एका हॉटेलातल्या सफाई कामगार बाईच्या खटल्यात न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला, आणि १९३८ मध्ये अमेरिकेत देशभरासाठी तासाला २५ सेंटचं किमान वेतन आलं. त्यात स्थानिक गिऱ्हाइकांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्र्या वगळलेल्या होत्या. ज्यांच्या मजुरीवरून एवढं रामायण झालं, त्यांच्यापर्यंत तो कायदा पोचायला १९६६ची दुरुस्ती लागली.

ब्रिटनचं थोडक्यात सांगता येईल. १९०९ मध्ये चार धंद्यांसाठी वेतनमंडळं झाली, त्यात लॉन्ड्री नव्हती. ती पहिल्या महायुद्धानंतर आली. १९२८च्या आंतरराष्ट्रीय कराराने किमान वेतन ठरवण्याची यंत्रणा उभारा असं देशांना सांगितलं. भारताने त्याला १९५५ मध्ये मान्यता दिली, म्हणजे स्वतःचा कायदा झाल्यावर सात वर्षांनी.

तो कायदा ११ एप्रिल १९४६ रोजी विधेयकाच्या रूपात मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून. तो संमत झाला १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. कायदा मोठा होता, पण त्याला एक दार होतं आणि त्या दाराचं नाव अनुसूची. ज्या धंद्याचं नाव यादीत, त्यालाच किमान वेतन. पहिल्या यादीत भातगिरण्या होत्या, विड्या होत्या, चहा-कॉफीचे मळे, तेलघाणे, खडी फोडणं, कातडी कमावणं, नगरपालिकांची कामं आणि शेती. धुलाई नव्हती. राज्यांना यादी वाढवायची मुभा होती आणि पुढे अनेक राज्यांनी हॉटेलं, बेकऱ्या, दुकानं, लॉन्ड्र्या असे धंदे आत घेतले. पण आणखी एक पळवाट कायद्यातच होती: राज्यभरात त्या धंद्यात हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सरकारने दर ठरवला नाही तरी चालेल. लॉन्ड्री म्हणजे गल्लीबोळात विखुरलेला धंदा; दोघे इथे, चौघे तिथे. मोजायला निघालं तर कमी भरायचे आणि मोजायला कुणी निघायचंही नाही.

किती वेतन म्हणजे किमान, याचं उत्तर १९५७च्या भारतीय श्रमिक परिषदेने दिलं. कमावता माणूस आणि त्याचं कुटुंब मिळून तीन तोंडं धरायची, आहार डॉ. एक्रॉइड यांच्या हिशेबाने, वर्षाला कुटुंबाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेला वीस टक्के. हे एक्रॉइड म्हैसुराहून फार लांब नसलेल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार यांची भर घालायला १९९१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ७२ वार कापडाची तजवीज झाली, हे चांगलंच. त्यात बायकोलाही एक तोंड म्हणून मोजलं, कमावती म्हणून नाही. आणि लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत चादरी पिळणाऱ्या कितीतरी बायकाच.

म्हैसूर राज्याने किमान वेतनाचे नियम केले १९५८ मध्ये. दोनच वर्षांपूर्वी बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार त्या राज्याला जोडले गेले होते, म्हणून म्हैसुरातल्या आणि बेळगावातल्या इस्त्रीवाल्याचे नियम एकच झाले. सीमाप्रश्नावर आपण रक्त आटवलं, पण या एका बाबतीत दोघांचं नशीब सारखंच निघालं. पुढे ते कर्नाटकाचे नियम म्हणून ओळखले जाऊ लागले. पहिली मोठी कुस्ती झाली ती हॉटेलवाल्यांशी. १ जून १९६७च्या अधिसूचनेने सरकारने हॉटेलं आणि खानावळींतल्या नोकरांचं किमान वेतन ठरवलं. समिती न नेमता, राजपत्रात प्रस्ताव छापून आणि हरकती मागवून. मालक बिथरले. राज्याचे वेगवेगळे विभाग पाडून वेगवेगळे दर लावले, हीही त्यांची तक्रार होती. बंगळूरच्या चंद्रभवन हॉटेलचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये सरकार जिंकलं. तेव्हापासून राज्यात एकाच कामाला मोठ्या शहरात एक दर, तालुक्याच्या गावी दुसरा, हे पक्कं झालं. मला स्वतःला ही विभागणी फारशी पटत नाही. खोलीचं भाडं गावोगाव वेगळं असतं हे खरं, पण रॉकेल, डाळ आणि मुलाची वही यांना विभाग कळत नाहीत. धंदाच परवडणार नाही, या मालकांच्या ठरलेल्या ओरडीला न्यायालयाने १९५७ मध्येच उत्तर दिलेलं होतं: किमान वेतन देता येत नसेल तर त्या धंद्याला चालू राहण्याचा अधिकार नाही.

घरात येऊन कपडे धुणाऱ्या बाईचं काय? इथे कर्नाटकाने महाराष्ट्राला मागे टाकलं, हे कबूल करायला हवं. घरकामगारांसाठी १९९२ मध्ये काढलेली अधिसूचना मागे घेतली गेली, पण २००४ मध्ये पुन्हा काढली. तिच्यात कपडे धुणं, भांडी घासणं अशा एकेका कामाला रोजच्या ४५ मिनिटांच्या मापाने महिन्याचा दर लावला. दर तुटपुंजा होता आणि किती घरांनी तो पाळला याची कल्पना आपल्या घरावरून करावी. तरी धुण्याला मिनिटांचं माप लागलं, हे थोडं नाही.

ताजा खटला आपल्या शेजारचा, गोव्याचा. तिथल्या एका मोठ्या लॉन्ड्रीत नवाहून अधिक माणसं काम करत होती आणि कारखाना म्हणून नोंद नव्हती. मालकाचं म्हणणं, आम्ही काही बनवत नाही. कपडा येतो तसाच जातो, फक्त स्वच्छ होऊन. उच्च न्यायालयाला ते पटलं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं: कारखाना कायद्याच्या व्याख्येत धुणं आणि स्वच्छ करणं हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत, नवी वस्तू तयार व्हायलाच हवी असं नाही. सत्त्याहत्तर वर्षं ते शब्द कायद्यात होते. आणि नऊ महिन्यांच्या आत, २१ नोव्हेंबर २०२५ला, नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनी कारखाना म्हणवण्याची अट विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा माणसांवरून वीसवर नेली. गोव्यात जे मिळालं, त्यातलं बरंचसं असं निसटलं.

वेतनाच्या बाबतीत मात्र संहितेने उलटं केलं. अनुसूची गेली. धंदा यादीत असो वा नसो, दुकानात दोन माणसं असोत वा दोनशे, किमान वेतन सर्वांना. केंद्राने ठरवलेल्या तळदराच्या खाली कुठल्याही राज्याला जाता येणार नाही. जुन्या कायद्यात कमी वेतन दिल्याबद्दल दंड होता पाचशे रुपये, १९४८ सालचे. नव्यात तो पन्नास हजारांपर्यंत आहे. थकलेला फरक मागायला पूर्वी सहा महिने मिळत, आता तीन वर्षं. नगावर मजुरी घेणाऱ्यालाही किमान दर लागू आहे.

एक माणूस या सगळ्यातून अजून बाहेर आहे. कोपऱ्यावर हातगाडी लावून कोळशाच्या इस्त्रीने दिवसभर कपडे सारखे करणारा. त्याला मालक नाही, म्हणून तो कामगार नाही. त्याची बायको गठ्ठे पोचवते, तिचा तर हिशेबच नाही. त्याचा दर ठरवतात समोरच्या इमारतीतले आपण, आणि नगामागे रुपया वाढवला की कुरकुरतोही आपणच. खळ्यावरचा परीट दोनशे वर्षांनी तिथेच उभा आहे, फक्त राशीच्या जागी सोसायटी आली.

लॉन्ड्रीपुरतं मात्र आपल्याला काही करता येतं. कोणत्या कामाला किती वेतन, याचा फलक कामगारांना दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. साडीचा दर, कोटाचा दर, पडद्याचा दर भिंतीवर ठळक लिहिलेला असतोच. पुढच्या खेपेला साडी टाकायला जाल तेव्हा दुसरा फलक कुठे आहे, एवढं विचारा.